रविवारची फुल बॅकअप उडवण्याआधी
रत्नागिरीत आमच्या आंबा पॅकिंगच्या शेडमधला हिशेबाचा कॉम्प्युटर मी सांभाळतो. रविवारी रात्री फुल बॅकअप (सगळ्या डेटाची पूर्ण प्रत), सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल (फक्त नवा बदल). एकदा डिस्क भरली म्हणून सगळ्यात जाडी फाईल बघून उडवली. ती नेमकी फुल! तिच्यावरच्या सहाही इन्क्रिमेंटल जागच्या जागी रद्दी. मग कॉम्प्युटर बसला, आणि ऐन मे महिन्यात पेट्यांचा हिशेब वह्यांवरून परत भरत बसलो.

तेव्हापासून एकेक फाईल पुसत नाही, अख्खा आठवडा पुसतो. इन्क्रिमेंटलमध्ये फक्त आदल्या बॅकअपनंतरचा बदल असतो. गुरुवारचा डेटा हवा तर रविवारची फुल आणि सोम ते गुरु चारही लागतात. मधली एक गेली की पुढचं सगळं लटकलं. म्हणून 14 दिवस मागे जायची सोय हवी असेल तर चालू आठवडा धरून 3 आठवड्यांचे संच ठेवा.

इन्क्रिमेंटलऐवजी डिफरन्शियल हा दुसरा प्रकारही असतो. ती दर वेळी रविवारच्या फुलपासूनचा सगळा बदल उचलते. शुक्रवारपर्यंत चांगलीच फुगते, पण परत आणायला फुल आणि ती एक, बस्स. जुन्या आठवड्यातली शनिवारची ठेवून मधल्या पुसल्या तरी चालतं. मधल्या दिवसांवर मात्र पाणी सोडायचं.

नवी फुल तपासल्याशिवाय जुनं काही पुसू नका. पावसात लाईट मध्येच जाते, फाईल अर्धवट राहते. महिनाअखेरची फुल मी वेगळ्या डिस्कवर घरी नेतो, खाऱ्या हवेमुळे हवाबंद डब्यात. 31 मार्चची कधीच पुसत नाही.