कव्हरवरच्या नावावर जाऊ नका: चित्रपटाची डिस्क घेताना या चुका टाळा

‘ब्लेड रनर’ची डिस्क घ्यायची ठरवलीत तर किमतीच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: कुठला ‘ब्लेड रनर’? १९८२ साली अमेरिकेत लागला तो एक. त्याच वर्षी अमेरिकेबाहेर दाखवलेला, थोडा जास्त रक्तबंबाळ, तो दुसरा. प्रदर्शनाआधी चाचणीसाठी दाखवलेली वर्कप्रिंट, म्हणजे कच्ची प्रत, तिसरी. मग १९९२चा डायरेक्टर्स कट (दिग्दर्शकाची आवृत्ती) आणि २००७चा फायनल कट. थिएटरमध्ये लागलेल्या दोन्ही आवृत्त्यांत नायक हॅरिसन फोर्डचं निवेदन आहे आणि शेवटी नायक-नायिका हिरव्या डोंगरांतून निघून जातात. (ते डोंगर दुसऱ्याच चित्रपटाचे. दिग्दर्शक कुब्रिकने ‘द शायनिंग’साठी हेलिकॉप्टरमधून टिपलेलं आणि न वापरलेलं चित्रण इथे कामी आलं.) १९९२ला निवेदन गेलं, डोंगर गेले आणि एकशिंगी घोड्याचं स्वप्न आलं. कथेचा अर्थच फिरला.

आणि ऑनलाइन दुकानात या सगळ्यांवर जवळपास एकच चित्र. लोक किंमत बघतात, बटण दाबतात आणि मग ‘मी पाहिलेला पिक्चर हा नव्हेच’ म्हणून डोक्याला हात लावतात.

पुढचं कव्हर विकण्यासाठी असतं. कामाची माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते: किती मिनिटं, चित्राचं गुणोत्तर (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) किती, रिजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालते) कुठला, मूळ आवाज आहे का. खाली दिलेल्या बहुतेक चुका ती चार ओळींची माहिती न वाचल्यामुळेच होतात.

‘डायरेक्टर्स कट’ म्हटलं की तोच खरा, असं धरून चालणं

या शब्दांना कायद्याने ठरवलेला अर्थ नाही. कधी दिग्दर्शकाला मनासारखं काम करायला मिळालेलं असतं, कधी मार्केटिंगवाल्यांना नवं लेबल हवं असतं. एकाच दिग्दर्शकाच्या, रिडली स्कॉटच्या, तीन चित्रपटांत हे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी दिसतं.

‘किंगडम ऑफ हेवन’ २००५ साली १४४ मिनिटांचा लागला आणि बऱ्यापैकी तुटक वाटला. पुढच्या वर्षी डिस्कवर आलेला डायरेक्टर्स कट १९४ मिनिटांचा. त्या पन्नास मिनिटांत राणी सिबिलाच्या लहान मुलाचं अख्खं उपकथानक आहे, आणि ते पाहिल्यावरच तिचं पुढचं वागणं समजतं. इथे माझ्या मते निवडीला जागाच नाही, १९४ मिनिटांचाच घ्या.

‘एलियन’चं उलटं. २००३च्या डायरेक्टर्स कटमध्ये काही प्रसंग घातले, काही छाटले, आणि एकूण लांबी मूळ १९७९च्या चित्रपटापेक्षा साधारण मिनिटभर कमीच भरली. खुद्द स्कॉटनेच सांगितलंय की त्याच्या पसंतीचा चित्रपट १९७९चाच. म्हणजे लेबल ‘डायरेक्टर्स कट’ आणि डायरेक्टरचं मत दुसरंच. पहिल्यांदा बघणार असाल तर १९७९चा लावा.

‘ब्लेड रनर’चा १९९२चा डायरेक्टर्स कटही पूर्णपणे स्कॉटच्या हातचा नाही. त्याच्या टिपणांवरून स्टुडिओने तो घाईत उभा केला. पूर्ण ताबा त्याला मिळाला तो २००७च्या फायनल कटवर. एकच डिस्क घ्यायची असेल तर ती हीच.

‘एक्स्टेंडेड’चा हिशेब वेगळा असतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लांब आवृत्त्या पीटर जॅक्सननेच केल्या आहेत, पण थिएटरमधल्या आवृत्त्या चुकीच्या होत्या असं त्याने कधी म्हटलं नाही. पुस्तक पाठ असलेल्यांना लांब आवृत्ती मेजवानी वाटते. घरात पहिल्यांदा बघणारं कोणी असेल तर छोटीच लावावी, नाहीतर तिसऱ्या भागात माणूस झोपतो. ब्लू-रेवर लांब आवृत्तीचा एकेक भाग दोन डिस्कांवर विभागलेला आहे, तेव्हा लावताना क्रमांक बघा. दुसरी डिस्क आधी लावून ‘सुरुवात भारीच आहे’ म्हणणारे महाभाग असतात.

‘अनरेटेड’वर फार वेळ घालवू नका. ती आवृत्ती अमेरिकेत प्रमाणपत्रासाठी पाठवली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. कधी दहा मिनिटं जास्त, कधी दहा सेकंद.

मिनिटं बघणं, पण चुकीची बघणं

युरोपातली किंवा आपल्याकडची पाल पद्धतीची डीव्हीडी आणि अमेरिकेतली एनटीएससी डीव्हीडी (पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती) यांची लांबी वेगळी दिसली की लगेच ‘सेन्सॉरने कापलाय’ अशी बोंब होते. बहुतेकदा काहीच कापलेलं नसतं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमवर चालतो आणि पाल २५ वर, म्हणून पाल डीव्हीडीवर तो चार टक्के वेगाने पळवला जातो. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, आवाजही किंचित वरच्या पट्टीत जातो. ज्यांना गाण्याचा कान आहे त्यांना हे खटकतं. अमेरिकन आवृत्तीच्या मिनिटांना ०.९६ने गुणा. उत्तर जुळलं तर चित्रपट पूर्ण आहे. ब्लू-रेवर चित्रपट सहसा २४ वरच असतो, त्यामुळे तिथे मिनिटं कमी दिसली तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

उलट दिशेनेही फसायला होतं. ‘फेलोशिप ऑफ द रिंग’च्या लांब आवृत्तीवर २२८ मिनिटं छापलेली दिसतात, त्यातली वीसेक मिनिटं शेवटी सरकणाऱ्या फॅन क्लबच्या सभासदांच्या नावांची आहेत.

‘मुघल-ए-आझम’ घेणाऱ्यांनी हे खास बघावं. १९६०चा मूळ चित्रपट १९७ मिनिटांचा, बहुतांश कृष्णधवल, काही भाग रंगीत. २००४ला सगळा रंगवून पुन्हा प्रदर्शित केला तेव्हा तो १७७ मिनिटांवर आणला. रंगीत घेतलात की वीस मिनिटं गेली. रंगांबद्दल मतं वेगळी असू शकतात. मला ‘प्यार किया तो डरना क्या’ हे मुळातच रंगीत असलेलं गाणं कृष्णधवलच्या मागोमाग एकदम उजळतं, तो धक्का हवा असतो. सगळंच रंगीत केल्यावर तो मिळत नाही.

चौकट न बघणं

इथे ‘शोले’पेक्षा चांगलं उदाहरण नाही. १५ ऑगस्ट १९७५ला, ऐन आणीबाणीत, तो लागला तेव्हा सेन्सॉरने शेवट बदलायला लावला होता. रमेश सिप्पींनी आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. लोकांनी पाहिलं ते पोलिस येऊन ठाकूरला आवरतात ते. पुढे इरॉस कंपनीने डीव्हीडीवर दोन्ही काढले: दिग्दर्शकाचा २०४ मिनिटांचा कट आणि सेन्सॉर झालेला १९८ मिनिटांचा.

आता खोच बघा. २०४ मिनिटांचा जो आहे तो फुल फ्रेम, म्हणजे जुन्या टीव्हीसारखा चौकोनी. वाइडस्क्रीन आहे तो १९८ मिनिटांचा. चित्रपट चौकोनी चौकटीच्या ३५ मिमी फिल्मवर चित्रित करून रुंद पडद्यासाठी ७० मिमीवर वाढवला होता, त्यामुळे चौकोनी चित्रात वर-खाली जास्त भाग दिसतो, पण थिएटरच्या पडद्यावर मांडलेली ती रुंद चौकट मिळत नाही. मूळ शेवट हवा की मूळ रचना, यातलं एक निवडा, अशी ती अवस्था. २०२५ला इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासह पुनरुज्जीवित प्रत दाखवली गेली, पण जुन्या बाजारात हाताला लागतील त्या डीव्हीडी या दोनच जातीच्या. कव्हरवर मिनिटं खोडलेली असतील तर विक्रेत्याला शेवटचा चॅप्टर लावून दाखवायला सांगा. पोलिस आले की १९८वाली.

काळ्या पट्ट्यांबद्दलची तक्रार अजून संपलेली नाही. वर आणि खाली पट्ट्या दिसतात म्हणजे चित्र कापलेलं नाही, उलट पूर्ण रुंदी दाखवलीय. टीव्हीवर ‘झूम’ करून त्या घालवाल तर दोन्ही बाजूंची माणसं चौकटीबाहेर जातील. चारही बाजूंनी काळी चौकट आणि मधे चिमुकलं चित्र असेल तर मात्र डिस्क जुन्या लेटरबॉक्स पद्धतीची आहे, आणि तिथे झूम वापरायला हरकत नाही. चेहरे ताणून रुंद दिसत असतील तर दोष डिस्कचा नसतो. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्ही ४:३ राहिला असेल तर १६:९ करा.

कधी कधी चूक कंपनीचीच असते. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या २००२च्या वाइडस्क्रीन डीव्हीडी संचात दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातली कित्येक दृश्यं चुकीच्या जागी चौकटीत बसवली गेली होती. नंतर बदलून दिलेल्या डिस्कवर ‘व्ही२’ अशी खूण आहे. जुना संच घेणाऱ्याने डबीपेक्षा डिस्कच्या काठावरची ती खूण बघावी.

नवी प्रत म्हणजे चांगली प्रत, असं समजणं

‘रीमास्टर्ड’ लिहिलेलं वाचून जुनी डिस्क विकून टाकायची घाई नको. २०१०ला आलेल्या ‘प्रेडेटर’च्या ‘अल्टिमेट हंटर एडिशन’मध्ये फिल्मचे कण पुसायच्या नादात श्वार्झनेगरचा चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा झाला. आधीची साधी ब्लू-रे बरी, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि ते बरोबर होते. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या २००९च्या ब्लू-रेवर दिग्दर्शक फ्रीडकिनने रंग इतके बदलले की छायाचित्रकार ओवेन रॉइझमन जाहीरपणे भडकला. २०१२ला मूळच्या जवळ जाणारे रंग घेऊन नवी डिस्क काढावी लागली. दोन्हींचं नाव एकच, त्यामुळे सेकंडहँड घेताना साल विचारा.

‘स्टार वॉर्स’मध्ये हे टोकाला गेलं. दिग्दर्शक लुकासने १९९७, २००४ आणि २०११ला बदल केले. थिएटरमध्ये लागलेली १९७७ची आवृत्ती अधिकृत डीव्हीडीवर आली ती २००६च्या संचात, जादा डिस्क म्हणून, आणि तीही लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी डिस्क) बनवलेल्या १९९३च्या प्रतीवरून, वर सांगितलेल्या चिमुकल्या लेटरबॉक्समध्ये. चित्र सुमार आहे, पण त्या जादा डिस्कसाठीच तो संच लोक शोधतात. म्हणून ‘दोन्ही डिस्क आहेत ना?’ हा प्रश्न पैसे देण्याआधी.

चांगल्या कामाचं उदाहरणही द्यायला हवं. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ला लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या. त्याच जळक्या रिळांतून मिळेल तेवढा भाग वाचवून, उरलेलं इतर प्रतींवरून भरून, अमेरिकेतली डिस्क कंपनी क्रायटेरियन, अकॅडमी फिल्म अर्काइव्ह आणि बोलोन्याच्या प्रयोगशाळेने २०१५ला फोर-के (साध्या ब्लू-रेहून जास्त बारकाव्याची) प्रत तयार केली. अशा डिस्कबरोबरच्या पुस्तिकेत कुठल्या स्रोतावरून काय घेतलं ते लिहिलेलं असतं. ती माहिती नसलेल्या ‘रिस्टोअर्ड’वर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

स्टीलबुक हे फक्त पत्र्याचं वेष्टन. आतली डिस्क बहुतेकदा साध्या डबीतलीच. शोपीस म्हणून घ्या, खुशाल घ्या.

लावली, पण चालत नाही

न्यू जर्सीहून मावशीने प्रेमाने आणलेली डीव्हीडी रिजन १ची असते, आपला प्लेअर रिजन ५चा. ब्लू-रेत अमेरिका ‘ए’, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’, भारत ‘सी’. बऱ्याच मोठ्या स्टुडिओंच्या ब्लू-रे प्रत्यक्षात सगळीकडे चालतात, पण क्रायटेरियनच्या अमेरिकन ब्लू-रे ‘ए’लाच आणि ब्रिटनमधल्या छोट्या प्रकाशकांच्या बऱ्याचशा ‘बी’लाच बांधलेल्या असतात. फोर-के डिस्कला रिजन नसतं. मात्र त्याच डबीतल्या साध्या ब्लू-रेला असू शकतं, आणि मुलाखती-माहितीपट सहसा तिच्यावरच असतात.

डीव्हीडी प्लेअर पुष्कळदा रिमोटवरून ठरावीक आकडे दाबून सर्व रिजनसाठी उघडता येतो. ब्लू-रे प्लेअरचं तसं सोपं नाही. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रिजन बदलता येतं, पण पाचदाच. पाचव्या बदलानंतर ते तिथेच कायमचं अडकतं, म्हणून ‘बघू या काय होतं’ म्हणून बदलत बसू नका. इथून तिकडे नातेवाइकांना डीव्हीडी पाठवत असाल तर एनटीएससी छापलंय का ते बघा. पालची डिस्क अमेरिकेतला साधा प्लेअर उचलत नाही.

एकाच डिस्कवर दोन आवृत्त्या असतील तर मेनूत निवड विचारली जाते. घाईत ‘प्ले’ दाबलं की पहिल्या पर्यायाची आवृत्ती सुरू होते, आणि तासाभराने लक्षात येतं. काही जुन्या प्लेअरवर जादा प्रसंगाच्या जोडावर चित्र क्षणभर थबकतं. तो ओरखडा नव्हे.

डिस्क हातात आली की परत करायची मुदत संपायच्या आत चालवून बघा, आणि सुरुवातीची पाच मिनिटं पाहून थांबू नका. दोन थरांच्या डीव्हीडीत बिघाड बहुतेकदा दुसऱ्या थरात निघतो, म्हणजे चित्रपटाच्या उत्तरार्धात. मध्यापासून पुढचे चॅप्टर एकेक उघडून बघा, एक्स्ट्राही उघडा. २००६ ते २००८ दरम्यान तयार झालेल्या काही डीव्हीडींत असा दोष असल्याचं वॉर्नर ब्रदर्सने २०२५ला मान्य केलं. त्या काळातला वॉर्नरचा संच सेकंडहँड घेत असाल तर ओरखडा एकही नसला तरी ही तपासणी करा, कारण हा दोष वरून दिसत नाही.