कॅलगरीत घर घेतलेल्या नाशिककरांनो, झाड आणण्याआधी

कॅनडातल्या कॅलगरीहून महिनाभर नाशिकला आलोय. कॉलेज रोडवर दोन घरी एकच प्रश्न आला: "मुलाने कॅलगरीत घर घेतलंय, पुढच्या अंगणात फुलांचं छोटं झाड हवंय. कोणतं सांगू?" त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

रोपाच्या चिठ्ठीवरचा झोनचा आकडा वाचा; रोप किती थंडी सोसतं ते तो सांगतो, आकडा जितका लहान तितकी जास्त थंडी. ३ किंवा त्याहून कमी असेल तरच रोप गाडीत घाला. निफाडला पारा ४-५ अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. आपल्याला माहीत असलेली थंडी तेवढीच. कॅलगरीत पारा उणे ३० च्याही खाली जातो. माझा तिथला पहिलाच मे महिना. मोठ्या दुकानात लालचुटूक पानांचा जपानी मेपल दिसला. चिठ्ठीवर झोन ५ होता, मी वाचलाच नाही. १८० डॉलर मोजले. पुढच्या जूनमध्ये नखाने साल खरवडली, आत हिरवा ठिपकासुद्धा नव्हता. बुंध्यापर्यंत कोरडं, तपकिरी लाकूड. दुकानात विकायला ठेवलंय म्हणजे ते तिथे जगतंच, असं अजिबात समजू नका. आणि व्हँकुव्हरच्या नातेवाइकांचा सल्ला घेऊ नका. त्यांच्याकडे हाच मेपल छान वाढतो, पण ती समुद्रकाठची हवा. आपली माणसं नेमकी त्यांनाच फोन लावतात.

लाल पानांची हौस असेल तर अमूर मेपल लावा, सप्टेंबरात पेटल्यासारखा दिसतो. मे-जूनच्या बहरासाठी क्रॅबॲपल, म्हणजे छोट्या फळांचं सफरचंदाचं झाड. त्यानंतर फुलणारा, पांढऱ्या तुऱ्यांचा जपानी ट्री लायलॅक माझा सगळ्यात लाडका. मेडे नावाचं झाड टाळा, त्याच्या फांद्यांवर काळ्या गाठींचा रोग येतो.

लावताना आपल्यासारखं खोल आळं करून बुंधा गाडू नका. मुळं जिथून फाकतात ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे.

द्राक्षवाल्या घरातल्यांना खास सांगतो: ऑक्टोबर छाटणी आपल्या हाडीमाशी असली, तरी तिथे ऑक्टोबरात कात्री उचलायची नाही. झाड झोपायला निघालेलं असतं, जखम भरत नाही. मार्चमध्ये, डोळे फुटायच्या आधी छाटा. ऑक्टोबरात काम एकच, जमीन गोठण्याआधी मुळाशी पोटभर पाणी. ऐन थंडीत शिनूकचा कोरडा, उबदार वारा सुटतो आणि फांद्यांतली ओल ओढून नेतो. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी घेता येत नाही.

बुंध्याला जाळी गुंडाळा, आणि ती कमरेपर्यंत न्या. बर्फ साचला की ससे त्यावर उभे राहून वरची साल कुरतडतात.