हत्तीची टूथपेस्ट उसळली नाही? या चुका टाळा

अख्खा वर्ग टेबलाभोवती गोळा झालेला असतो. हायड्रोजन पेरॉक्साइड, साबण आणि यीस्ट एकत्र केलं की बाटलीतून फेसाचा खांब उसळणार, म्हणूनच या प्रयोगाला 'हत्तीची टूथपेस्ट' म्हणतात, असं निवेदनही झालेलं असतं. आणि फेस बाटलीच्या तोंडाशी येऊन थांबतो. पुण्यातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत असं एखादं टेबल मला भेटतंच. मग मुलं विचारतात, "काका, जरा स्ट्राँग पेरॉक्साइड आणू का?"

नका आणू. ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात पेरॉक्साइडच्या 30 आणि 40 व्हॉल्यूमच्या (हे त्याच्या तीव्रतेचं माप) बाटल्या सहज मिळतात, म्हणजे अंदाजे 9 आणि 12 टक्के. हाताला लागलं तर कातडी पांढरी पडते आणि चरचरते, डोळ्यात उडालं तर त्याहून वाईट. केमिस्टकडे मिळणारं 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्के, त्यात तेवढंच पाणी मिसळून 3 टक्के केलं की शाळेला पुरतं. मिसळण्याचं काम मोठ्यांनी करावं, हातमोजे आणि चष्मा घालून.

आता फेस का थांबला ते बघू. बहुतेक वेळा घोळ यीस्टचा असतो. यीस्टमधलं कॅटालेज हे एन्झाइम पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आणि साबण तो ऑक्सिजन फुग्यांत पकडतो. घाई झाली की मुलं यीस्टवर उकळतं पाणी ओततात, एन्झाइम तिथेच निकामी. उलट डिसेंबरात सकाळी आठला नळाच्या गार पाण्यात कालवलं, तर काम रेंगाळतं. पाणी 40 अंशांच्या आसपास हवं, बोट बुडवल्यावर कोमट लागेल इतकं. थोड्या यीस्टमध्ये चिमूटभर साखर घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर पाकीट शिळं. आणि हो, पाकिटावरचं नाव वाचा! यीस्ट मागितलं की बेकिंग पावडर हातात पडते, हा किराणा दुकानातला जुना गोंधळ आहे.

यीस्ट ठीक असेल तर पेरॉक्साइड तपासा. ते उजेडात आणि उन्हात आपोआप फुटत जातं, म्हणून गडद बाटलीत येतं. दोन थेंब कापलेल्या बटाट्यावर टाका, बटाट्यातही कॅटालेज असतं. बुडबुडे आले नाहीत तर बाटली मेलेली.

बरणी रुंद तोंडाची असली तर फेस पसरतो, वर चढत नाही. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची पाण्याची बाटली बरी, काचेची नको. पण तिला बूच लावायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. 3 टक्क्यांच्या 100 मिलिलिटरमधून साधारण लिटरभर ऑक्सिजन निघतो. बंद बाटलीत तो कोंडला की बाटली फुटते. न चाललेली बाटली पुन्हा हलवून बघताना वरून वाकून डोकावणं, ही दुसरी खोड. यीस्ट कधीकधी उशिरा जागं होतं.

उद्घाटनाची समई आणि उदबत्ती शेजारच्या टेबलावर ठेवायची शाळांना भारी हौस. ऑक्सिजनने ती अधिकच भडकते, म्हणून हे टेबल लांब घ्या.

रंगीत तालीम आदल्या दिवशी, शाळेतच, त्याच वेळेला आणि मोठ्या परातीत करा. घरच्या गॅलरीत दुपारी जमलेला प्रयोग सकाळच्या थंडीत तसाच चालेल असं नाही. उरलेला फेस कुणी हाताने उचलू नये. भरपूर पाणी सोडून तो मोरीत वाहू द्या.