एसईओच्या मुलाखतीला जाण्यापूर्वी

एसईओच्या, म्हणजे संकेतस्थळ गूगलसारख्या शोधयंत्रांच्या निकालांत वर आणण्याच्या कामाच्या, मुलाखतीची तयारी व्याख्या पाठ करून होत नाही. ज्या कंपनीत जायचे आहे तिचे संकेतस्थळ आदल्या दिवशी तासभर बारकाईने पाहावे आणि दोन-तीन पानांची शीर्षके, अंतर्गत दुवे व मोबाइलवरील वेग यांची टिपणे काढावीत.

उमेदवार हमखास अडखळतात तो प्रश्न रोबॉट्स फाइल आणि नोइंडेक्स यांतील फरकाचा. रोबॉट्स फाइल (संकेतस्थळावरची robots.txt ही सूचनांची फाइल) क्रॉलरला, म्हणजे शोधयंत्रासाठी पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, पान वाचू देत नाही. तरीही त्या पानाकडे बाहेरून दुवे येत असतील, तर त्याचा नुसता पत्ता गूगलच्या निकालांत दिसू शकतो. पान निकालांतून खरोखर काढायचे असेल तर नोइंडेक्स (पान निकालांत दाखवू नये अशी पानातली सूचना) लावावा लागतो आणि तो क्रॉलरला वाचता यावा म्हणून तेच पान रोबॉट्स फाइलमध्ये अडवलेले नसावे. हे उदाहरणासह सांगता आले, तर समोरच्याला तुमची समज लगेच कळते.

कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे पान वापरण्याचा अनुभव मोजणाऱ्या गूगलच्या निकषांत, मार्च २०२४ पासून एफआयडीची (पानावरील पहिल्या कृतीला प्रतिसाद सुरू होण्यातला उशीर) जागा आयएनपीने (पानावरील सर्व कृतींना मिळणाऱ्या प्रतिसादाचा वेग) घेतली आहे. जुन्या प्रश्नसंचांवर विसंबू नये.

‘ट्रॅफिक अचानक घसरला तर काय कराल?’ असे विचारल्यास उपाय सांगण्याची घाई करू नये. आधी मोजमापाचा कोड शाबूत आहे का, मग घसरण सर्व पानांवर आहे की एकाच विभागात, क्लिक घटले की इंप्रेशन्सही (निकालांत पान दिसण्याची संख्या), या क्रमाने उत्तर मांडावे. स्वतःच्या कामाचे आकडेही सोबत न्यावेत. सर्च कन्सोल हे गूगलचे साधन शोधातील क्लिक-इंप्रेशन्सची १६ महिन्यांपलीकडची माहिती दाखवत नाही, त्यामुळे ती वेळीच उतरवून ठेवावी.