रेडिएटरचा फॅन फिरत नाही? बोनेट उघडण्याआधी अर्थची जादा वायर हाताशी ठेवा

हे सगळं बारा व्होल्टच्या जुन्या पिकअपसाठी आणि छोट्या टेम्पोसाठी आहे, ज्यांचा रेडिएटरचा फॅन इलेक्ट्रिक मोटरवर चालतो. मोठ्या जुन्या ट्रकचा फॅन इंजिनच्या जोरावरच फिरतो, त्यांचं दुखणं वेगळं. शिवाय दोष फॅनचाच आहे का ते आधी ठरवा. गर्दीत, किंवा भरल्या गाडीने कसारा घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की खाली येतो, तर फॅन बघा. हायवेवर वारा लागत असतानाही गाडी तापत असेल, तर रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट, वॉटर पंप यांच्याकडे वळा. फॅन बदलून पैसे घालवू नका.

पाने, पक्कड, टॉर्च हे काही सांगायला नको. मल्टीमीटर स्वस्तातला चालेल, पण त्याच्या आतला सेल ताजा असू द्या. सेल उतरला की मीटर वाट्टेल ते आकडे दाखवतो. फ्यूज गाडीवर लिहिलेल्या अँपियरचेच घ्या, दोन-तीन जास्तीचे. तीसच्या जागी चाळीसचा घातलात तर फ्यूज वाचेल आणि वायरिंग जळेल. एक चांगला रिले (छोट्या करंटवर फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), पिनांची मांडणी तीच असलेला. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, रिंगवाले लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्या), दातेरी वॉशर. कुलंट एक-दोन लिटर.

आणि अर्थची वायर. अर्थ म्हणजे करंटची गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट. दोन मीटर, चार चौरस मिलिमीटरची, दोन्ही टोकांना दणकट क्लिपा. घरातल्या बल्बची बारीक वायर नको, ती मोटरच्या करंटला तापते. ही वायर राहिली तर बाकीची पिशवी असून नसल्यासारखी. सोबत हेडलाइटचा एखादा जुना 55 वॅटचा हॅलोजन बल्ब, वायर जोडलेला.

असं का, ते नीट ऐका. अर्थचा बोल्ट गंजला की तिथे समजा 0.2 ओहमचा अडथळा तयार होतो. करंट तपासायच्या पाच वॅटच्या टेस्ट लॅम्पला अर्धा अँपियरही लागत नाही, त्यामुळे त्या अडथळ्यात जेमतेम 0.08 व्होल्ट जातात आणि लॅम्प झकास पेटतो. मोटरला पंधराएक अँपियर लागतात, तिथे तोच अडथळा तीन व्होल्ट खातो. फॅन मरतुकडा फिरतो, नाहीतर नुसता गुरगुरतो. म्हणजे लॅम्प पेटला याचा अर्थ करंट ‘येतो’ एवढाच, ‘पुरतो’ असा नाही. हॅलोजन बल्ब साडेचार अँपियर ओढतो, तो लावलात तर मीटरवर व्होल्टची घट लगेच दिसते. दुसरा सापळा म्हणजे मोटर बॅटरीवर डायरेक्ट लावून बघणं. ती जोरात फिरते, कारण डायरेक्ट लावताना तुम्ही तिला नवी अर्थ दिलेली असते! मग माणूस रिले बदलतो, स्विच बदलतो, आणि गंजका बोल्ट तसाच राहतो. मासळी वाहणाऱ्या गाड्यांत तर बर्फाचं खारं पाणी ठिबकून बोल्ट पार खाल्लेला असतो.

कामाला बसण्याआधी गळ्यातला पंचा काढा, बाह्या वर करा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक फिरतो, पात्यांत बोटं घालण्याआधी त्याचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. रेडिएटरचं झाकण वरचा होज हाताला गार लागल्याशिवाय उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटताच उसळून अंगावर येतं.

बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्ट, चालू गाडीत 13.8 ते 14.4. हे नसेल तर पुढे जाऊच नका. मग फ्यूज, आणि फ्यूजचं सॉकेटही. प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर पकड ढिली आहे. रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये 30 आणि 87 नंबरच्या जागा जाड वायरने जोडा, फॅन फिरला पाहिजे. रिले टिकटिकतो म्हणून चांगला समजू नका, आतले पॉइंट जळलेले असू शकतात. फॅन असा फिरत ठेवूनच मीटरचा लाल टोक मोटरच्या अर्थच्या पिनेवर आणि काळा बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर लावा. क्लॅम्पवर नको, खांबावर. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्याच्या वर गेला तर दोष तिथेच. आता दोन मीटरची वायर मोटरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. फॅनचा आवाज बदलला? मग सुटे भाग आणायला जाऊ नका. बोल्ट काढा, रंग आणि गंज खरवडून पत्रा पांढरा दिसू द्या, नवा लग, दातेरी वॉशर, आवळा, आणि व्हॅसलीन आवळल्यानंतर वरून. पत्राच खराब असेल तर वायर थेट बॅटरीपर्यंत न्या. पॉझिटिव्ह बाजूही अशीच मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

अर्थ चोख आहे आणि फॅन तरी जड? मोटरचे बुश किंवा कार्बन गेले. हाताने पातं फिरवून बघा, अडकत असेल तर बदला.

रिलेच्या सॉकेटमध्ये 30-87 जोडून फॅन फिरतो, नवा रिले घालूनही आपोआप लागत नाही, तर थर्मो स्विच, म्हणजे पाणी तापलं की फॅन लावणारा स्विच. दोन वायरींचा असेल तर कपलर काढून दोन्ही पिना जोडा. फिरला तर स्विच खराब, किंवा आत हवा अडकलीये आणि स्विचला गरम पाणी लागतच नाही. कुलंट भरल्यावर हवा काढा.

मोटर नवी बसवली असेल तर एक कागद जाळीसमोर धरा. इंजिनच्या बाजूचा फॅन कागद जाळीला ओढून चिकटवतो. उडवला तर वायरी उलट्या.

शेवटी गाडी आयडलवर ठेवा, फॅन दोनदा लागून दोनदा बंद होऊ द्या, मग मीटर पुन्हा अर्थवर. जुना फ्यूज फेका, जास्तीचे डॅशबोर्डच्या कप्प्यात. वायर गाडीतच राहू द्या.