उणे 80 अंश सेल्सिअसमध्येही रक्ताचं सॅम्पल जुनं होत जातं, म्हणून हे सांभाळा

लॅबमध्ये नवीन आलेल्यांना वाटतं सॅम्पल एकदा डीप फ्रीझरमध्ये टाकलं की ते आहे तसंच राहतं, पण थंडीत सगळं मंदावतं हो, थांबत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आख्खं रक्त गोठवू नका, लाल पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम आणि एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम) बाहेर येतं आणि धडधाकट माणसाचा रिपोर्टही भलताच दिसतो. फक्त डीएनए काढायचा असेल तर चालतं, तो बराच टिकतो. सीरम, म्हणजे साकळलेल्या रक्तावरचा पिवळसर द्रव, हवं तर रक्त अर्धा तास साकळू द्या, मग सेंट्रिफ्यूज करा (मशीनमध्ये गरगर फिरवा), आणि वरचं सीरम ओढताना तळाच्या पेशींजवळचं थोडं सोडूनच द्या, लोभ नको.

2 मिली मिळालं तर 250 मायक्रोलिटरच्या 8 छोट्या व्हायल (झाकणाच्या कुप्या) भरा, कारण खरा घात परत परत वितळवण्याने होतो. थेंबभर सॅम्पल मोठ्या व्हायलमध्येही ठेवू नका, वर्षानुवर्षं पाणी उडत राहतं आणि उरलेलं दाट होतं.

उणे 20 वर भरवसा नको. मिठाचं पाणी पूर्ण गोठायला साधारण उणे 21 लागतं, म्हणजे तिथे बर्फाच्या कणांमधे खारट द्रव उरतोच आणि एन्झाइमं त्यात काम करत राहतात. जिवंत पेशी ठेवायच्या असतील तर लिक्विड नायट्रोजनच.

बाहेर काढून वितळलेली व्हायल उजेडात धरून बघा, वर पाणचट आणि खाली घट्ट पिवळं दिसेल, ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी केल्याशिवाय पिपेट लावू नका. प्लाझ्मात (न साकळू दिलेल्या रक्तातला द्रव) पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिनचे, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या प्रथिनाचे असतात, परत सेंट्रिफ्यूज करा.

आणि सगळ्यात कळकळीने सांगते, पेशंटची सॅम्पल 2014 ची आणि निरोगी लोकांची 2022 ची अशी तुलना करू नका, मी एकदा केलीये, सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं कारण दिसलेला फरक आजाराचा की फ्रीझरचा हे सांगताच येईना. व्हिटॅमिन सी अ‍ॅसिड न घालता ठेवलं तर संपतंच, एमएमपी-9 सारखी काही प्रथिनं उणे 80 लाही कमी होतात. दोन्ही गटांची सॅम्पल एकाच काळातली घ्या, तपासणीच्या एकाच प्लेटवर लावा, आणि पहिल्याच दिवशी चार-पाच जणांचं सीरम एकत्र करून त्याच्या भरपूर व्हायल बाजूला ठेवा, दरवर्षी त्यातली एक तपासली की घसरण कळते.

रजिस्टरमध्ये रक्त घेतल्याची वेळ, गोठवल्याची वेळ आणि किती वेळा वितळवलं हे लिहाच, आणि व्हायलवर साधं पेन नको, स्पिरिटचा हात लागला की नंबर पुसला जातो.