वाडीतल्या पंपघराला आणि गोठ्याला जमिनीखालून नवी केबल कशी टाकावी

मुंबईतल्या इमारतीत मीटररूमपासून घरापर्यंतचं अंतर कमी असतं, त्यामुळे वायरच्या लांबीचा विषय सहसा निघत नाही. कर्जत, मुरबाड, अलिबागच्या किंवा अगदी गोराई-मनोरीच्या वाडीत मात्र मीटर मुख्य घराच्या भिंतीवर आणि पंपघर, गोठा, राखणदाराची खोली पार दुसऱ्या टोकाला. मधल्या जमिनीत कधीकाळी कोणी अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) साधी वायर पाण्याच्या काळ्या पाइपात घालून वीतभर खाली पुरलेली असते. तेव्हा तिच्यावर दोन दिवे होते. नंतर पंप आला, गीझर आला, पाहुण्यांच्या खोलीला एसी आला. वायर तीच राहिली.

ती बदलायची वेळ आली हे ओळखणं सोपं आहे. पंप सुरू होताच दिवे मंद होतात, मोटर गुणगुणते पण फिरत नाही, पावसाळ्यात आरसीसीबी (करंट बाहेर गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो आणि उन्हाळ्यात आपोआप नीट चालतो, नळाला हात लावला की मुंग्या येतात. शेवटचं लक्षण दिसलं तर तो पुरवठा त्याच क्षणी बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत चालू करू नका.

काम दिवाळीनंतर काढावं आणि एप्रिलअखेर संपवावं. पावसात चर पाण्याने भरतो, कडा ढासळतात आणि केबलच्या कापलेल्या टोकातून ओल आत शिरते. चर खणणं, वाळू, विटा हे तुम्ही स्वतः बघू शकता. जोडणी आणि तपासणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. मंजूर भार वाढवायचा असेल तर त्याचा तपासणी अहवाल महावितरणला लागतोच. एक गोष्ट स्पष्ट असू द्या: शेतीपंपाच्या मीटरवरून राहत्या खोलीला वीज घेणं हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. स्वस्त वाटणारी ही वाट टाळा.

केबल किती जाडीची?

इथे बहुतेक जण अँपिअर बघतात आणि लांबी विसरतात. एक उदाहरण घेऊ. अंतर ८० मीटर. पलीकडे १ एचपीचा पंप सुमारे ७ अँपिअर, २ किलोवॉटचा गीझर ९, दीड टनाचा एसी ७, फ्रिज-पंखे-दिवे मिळून २. एकूण २५ अँपिअर. वीज जाते आणि न्यूट्रलने परतही येते, म्हणून तारेची लांबी १६० मीटर धरायची. तार गरम झाल्यावर तिचा रोध साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो, तोही हिशेबात घेतलेला आहे.

अडीच स्क्वेअर तांब्यावर अशा भाराला जवळजवळ ३५ व्होल्ट वाटेतच जातात. ४ स्क्वेअरवर २२ व्होल्ट. १० स्क्वेअर तांब्यावर ९ च्या आत, १६ स्क्वेअर अॅल्युमिनियमवर ९ च्या किंचित वर, २५ स्क्वेअर अॅल्युमिनियमवर सहाच्या आत. २३० व्होल्टवर दिव्यांसाठी ३ टक्के म्हणजे ७ व्होल्ट आणि इतर उपकरणांसाठी ५ टक्के म्हणजे साडेअकरा व्होल्ट एवढीच घट परवडते. संध्याकाळी गावातला पुरवठाच २०० ते २१० वर आलेला असतो. त्यातून आणखी ३५ वजा झाले की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. दोष मग मोटरच्या कंपनीला दिला जातो.

म्हणून या उदाहरणात १६ स्क्वेअर अॅल्युमिनियम ही उपकरणांपुरती किमान पायरी, आणि पैसे असतील तर दिव्यांचीही मर्यादा पाळणारी २५ स्क्वेअर. तांबं उत्तमच, पण ८० मीटरला बरंच महाग पडतं आणि आडरानातल्या वाडीतून चोरीलाही जातं. आमचा सल्ला चार-कोअर अॅल्युमिनियम आर्मर्ड केबलचा, म्हणजे आत चार वेगळ्या तारा आणि भोवती लोखंडी चिलखत (आर्मर) असलेल्या केबलचा: फेज, न्यूट्रल, अर्थ आणि एक कोअर राखीव. सोबत त्याच चरात ८ गेजची गॅल्वनाइज्ड लोखंडी तार अर्थसाठी टाकून ठेवा. उद्या थ्री-फेज घेतलं तर तीन फेज आणि न्यूट्रल केबलमधून जातील, अर्थ या तारेतून, आणि पुन्हा खणावं लागणार नाही.

मुंबईच्या लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, केबल घेताना अंगावरचा छापा वाचा. एक्सएलपीई (उष्णता जास्त सोसणारं प्लास्टिक आवरण) केबलवर आयएस, म्हणजे भारतीय मानक, ७०९८ आणि पीव्हीसी केबलवर आयएस १५५४, आयएसआय चिन्ह, साइज आणि प्रत्येक मीटरवर चढत्या क्रमाने आकडा असतो. दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की लांबी कळते. चर ८० मीटर असेल तर ९० मीटर, एकाच सलग तुकड्यात घ्या: वळणं, भिंतीवरची चढण आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मीटरचा वेढा धरावा लागतो. जमिनीखालचा जोड हीच पुढे बिघडणारी जागा. टोकांना टोपी बसवूनच केबल गाडीत घाला.

चर

केबलच्या माथ्यावर किमान ७५ सेंटिमीटर माती हवी. आयएस १२५५ मध्ये हेच माप आहे, आणि गाडीरस्त्याखाली १ मीटर. म्हणजे चर ८५ सेंटिमीटर खोल, ३० रुंद. ८० मीटरला ही सुमारे ७ ब्रास माती होते, त्यामुळे मजुरांशी बोलणी मीटरवर करा आणि खोली आधी ठरवून मोजपट्टीची काठी त्यांच्या हातात द्या. झाडापासून लांब वळवा, विशेषतः वड-उंबर-नारळाच्या मुळांपासून. पाण्याच्या पाइपपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, सेप्टिक टँकपासून जेवढं दूर जाता येईल तेवढं.

जांभ्यात किंवा काळ्या पाषाणात ७५ सेंटिमीटर उतरणं कधीकधी शक्यच नसतं. तेवढ्या पट्ट्यात केबल जाड जीआय (गॅल्वनाइज्ड लोखंडी) पाइपातून न्या आणि वर काँक्रीट ओता. अर्धवट खणून नुसती माती लोटू नका. पुढच्या वर्षी कोणी केळी लावायला कुदळ मारेल.

तळाचे दगड वेचून ७.५ सेंटिमीटर वाळू पसरा. केबल ड्रमवरून फिरवत सोडा, जमिनीवरून ओढत नेऊ नका. वरचं आवरण खरवडलं की आर्मरला गंज लागतो. वळण केबलच्या व्यासाच्या १५ पटींपेक्षा तंग नको, म्हणजे २२ मिलिमीटरच्या केबलला साधारण ३३ सेंटिमीटर त्रिज्या. वर पुन्हा ७.५ सेंटिमीटर वाळू. एकूण दीड ब्रास लागते. खाडीची किंवा समुद्राची रेती वापरू नका, तिच्यातलं मीठ आर्मर खातं. क्रश सँड चालते.

वाळूवर विटा आडव्या, एकमेकींना लागून. मीटरला नऊ ते दहा, म्हणजे तुटफूट धरून ८०० विटा. इथे काटकसर करून विटा हातभर अंतराने ठेवणारे पुष्कळ, पण कुदळ नेमकी फटीत बसते. घुशींनाही विटांचा अडथळा होतो, आणि आर्मर त्यांच्या दातांना दाद देत नाही. विटांवर अर्धा हात माती, मग पिवळी किंवा लाल इशारा-पट्टी, मग उरलेली माती वीत-वीत थरांत धुमसाने ठोकत. वर पाच सेंटिमीटर उंचवटा राहू द्या, पहिल्या पावसात तो बसतो.

माती लोटण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढा: घराच्या कोपऱ्यापासून किती, विहिरीपासून किती. त्याच चरात, केबलपासून शक्य तेवढा बाजूला, एक रिकामा ६३ मिलिमीटरचा पाइप टाका, आत नायलॉन दोरीसह, टोकं बंद करून. कॅमेरा किंवा इंटरनेटची तार त्यातून जाईल.

टोकं

केबल भिंतीतून वर येते तिथे डबल-कम्प्रेशन पितळी ग्लँड (केबलचं टोक घट्ट धरणारी कडी) लावा आणि आर्मर दोन्ही टोकांना अर्थला जोडा. लग (तारेच्या टोकावर बसणारे, स्क्रूखाली धरायचे धातूचे तुकडे) क्रिम्पिंग टूलनेच दाबायचे. हातोडीने ठोकलेला लग वर्षभरात तापून काळा पडतो. अॅल्युमिनियमवर सुरीने घासून लगेच ऑक्साइडरोधक पेस्ट लावा, आणि तांब्याच्या टर्मिनलला बायमेटल (अर्धा अॅल्युमिनियम, अर्धा तांबं) लग वापरा. पहिल्या महिन्यानंतर पुरवठा बंद करून स्क्रू एकदा पुन्हा आवळा, अॅल्युमिनियम दबून सैल पडतं.

मुख्य घरात या केबलसाठी ३२ अँपिअरचा, सी-कर्व्हचा (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा), फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच. पलीकडे वेगळी डीबी (वितरण पेटी): आयसोलेटर (सगळं बंद करणारा मुख्य स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मग पंप, गीझर, एसी आणि दिवे-प्लगला स्वतंत्र एमसीबी. कोकणात वळवाच्या विजा भरपूर कडाडतात, तेव्हा त्याच डीबीत टाइप २ सर्ज अरेस्टरही (विजेची लाट अर्थकडे वळवणारा) बसवा.

अर्थिंग आणि आरसीसीबी

सगळ्या कामात जिवाशी खेळ होतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर. गावाकडे बहुतेक ठिकाणी खांबावरून फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थ आपण करायचा. समजा तुमचा अर्थ ५ ओमचा उत्तम आहे आणि ट्रान्सफॉर्मरचाही ५. पंपाच्या बॉडीला फेज लागला तर करंट वाहील २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. ३२ अँपिअरचा एमसीबी याला साधा भार समजतो आणि पडतच नाही. पंपाच्या बॉडीवर मात्र ११५ व्होल्ट उभे राहतात, ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी कोणी नळ सोडेपर्यंत. चांगल्या अर्थिंगनेही एमसीबी वाचवत नाही. वाचवतो आरसीसीबी, आणि त्याला करंटची वाट म्हणून अर्थिंग लागतं. दोन्ही हवीत.

पंपघराशी स्वतंत्र इलेक्ट्रोड घ्या: ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) किंवा कोळसा-मीठ, वर झाकण असलेला खड्डा. मीठ पाइपही खातं, म्हणून बेंटोनाइट बरा. रोध मे महिन्यात मोजा. पावसात ३ ओम दाखवणारा खड्डा जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात २० वर जातो. हा इलेक्ट्रोड केबलमधल्या अर्थ कोअरला जोडा, पण तिथे न्यूट्रल अर्थला कधीही जोडू नका; आरसीसीबी सतत पडेल आणि न्यूट्रल तुटला तर सगळ्या बॉड्या जिवंत होतील. मुख्य घरात वरचा, म्हणजे मीटरकडचा, आरसीसीबी असेल तर तो १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा, उशिरा पडणारा एस-टाइप घ्या, नाहीतर गोठ्यातल्या दोषाने घरात अंधार.

गोठ्यात गव्हाणीचे लोखंडी गज, दावणीची साखळी, पाण्याचा पाइप हे सगळं तारेने एकमेकांना आणि अर्थला बांधा. गाईच्या पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर मोठं, त्यामुळे माणसाला जेमतेम जाणवणारा व्होल्टेज तिला मारू शकतो.

चालू करण्याआधी

जुनी वायर दोन्ही टोकांनी सोडवा. इन्व्हर्टर, जनरेटर किंवा सोलर असेल तर तोही तोडा. मेन बंद असताना त्यांच्याकडून उलटी वीज येते. मग आरसीसीबी, एलईडी, स्टार्टर काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ मोजा. नवी केबल शेकडो मेगओम दाखवते. १ च्या खाली आलं तर टोकांत ओल आहे किंवा चरात आवरण कापलं गेलं आहे. ही मोजणी माती लोटण्याआधी एकदा आणि नंतर एकदा करा, म्हणजे इजा कुठल्या टप्प्यात झाली ते कळतं.

पुरवठा सुरू करून पलीकडचा व्होल्टेज भार नसताना आणि सगळं चालू असताना मोजा. इथे १६ स्क्वेअर अॅल्युमिनियमवर फरक ९ व्होल्टच्या आसपास यायला हवा. १५ आला तर एखादा लग सैल असू शकतो. आरसीसीबी कारणाशिवाय पडत असेल तर आधी न्यूट्रल तपासा, बऱ्याचदा ओटीवरच्या दिव्याचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटमधून उसना घेतलेला असतो. आणि त्याचं टेस्ट बटण राखणदाराला दाखवून ठेवा, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबायला.